दगडी जामीन

धारवाडात पैशासाठी उभी राहिलेली सर्वांत भारदस्त इमारत कोणती, असं कुणी विचारलं तर मी कर्नाटक कॉलेजकडे बोट दाखवीन. धारवाडकर हसतील. तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या फी भरायला गेले, ठेव ठेवायला कुणी गेलेलं नाही. पण कॉलेज १९१७ साली निघालं आणि पुढं त्याला ही इमारत मिळाली ती तयार. मुळात ती सदर्न मराठा रेल्वे कंपनीचं मुख्य कार्यालय होती. १८८२ साली स्थापन झालेली ही कंपनी. तिचे रूळ हुबळी, गदग, लोंढ्याकडे जायचे, तिचा कारखाना हुबळीत होता, कारकून धारवाडात बसायचे आणि मालक लंडनमध्ये. १९०८ साली ती मद्रास रेल्वेशी जोडली गेली, मुख्य कार्यालय मद्रासला हललं आणि धारवाडात एक ऐसपैस दगडी वास्तू मागं राहिली.

ज्या भागधारकांच्या पैशावर ही रेल्वे चालली, त्यांतले बहुतेक आयुष्यात धारवाडला येणार नव्हते. त्यांच्या पैशाला सरकारनं व्याजाची हमी दिली होती. ही हमी कागदावर होती, आणि तिचं दिसणारं रूप म्हणजे ही दगडी इमारत. इकडच्या व्यापाऱ्याला, ठेकेदाराला, जमीन दिलेल्या शेतकऱ्याला तिनं एकच गोष्ट सांगायची होती: कंपनी कालची आहे, पण उद्या पळून जाणार नाही.

या प्रकरणाचा विषय बँकेची इमारत हा आहे आणि सुरुवात रेल्वेच्या कचेरीनं झाली, याचं कारण एवढंच की दोघींचं काम एक. अनोळखी माणसाला जामीन राहायचं.

आता धारवाडहून वीसेक किलोमीटरवरच्या हुबळीत येऊ. दाजीबान पेठ, दुर्गद बैल हा जुन्या हुबळीचा व्यापारी गाभा. कापूस, मिरची, धान्य, सूत, सराफी, सगळं याच गल्ल्यांतून फिरायचं. पैसा इथं भरपूर होता आणि पैशाची इमारत म्हणून दाखवावी अशी एकही नव्हती. पेढी असायची ती दुकानाच्या ओट्यावर किंवा घराच्या सोप्यात: गादी, लोड, उतरतं मेज, लाल कापडात बांधलेल्या कीर्द-खतावण्या, मागं एक तिजोरी आणि भिंतीवर लक्ष्मीची तसबीर. शेटजी कोणत्या गादीवर बसतात हे गावाला ठाऊक, म्हणून पाटी नसली तरी चालायचं.

आणि तरी ही पेढी हुबळीहून मुंबईला, पुण्याला, थेट राजस्थानपर्यंत पैसे पोचवायची. साधन होतं हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीची असेल तर ठरलेल्या दिवशी. त्यातली शाहजोग हुंडी मला फार आवडते. ती घेऊन कुणीही ऐरागैरा आला तर पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’नं ती आणावी लागे. म्हणजे चोरानं हुंडी लांबवली तरी ती वटवायला त्याला एक प्रतिष्ठित माणूस गाठावा लागणार. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही हरवली तर ‘परपेठ’. सगळी सुरक्षा ओळखीत गुंतवलेली. भिंतीत गुंतवायची गरजच पडली नाही.

सावकाराच्या वाड्याचंही तेच. बाहेरून पांढऱ्या मातीच्या किंवा दगडाच्या उंच सपाट भिंती, भल्यामोठ्या दरवाजात माणूस वाकून शिरेल एवढी दिंडी, रस्त्याकडे एखाद-दुसरी खिडकी. कोरीव खांब, नक्षीचे कडीपाट, सगळं आत. दरोडेखोर आणि राजाचा कारभारी या दोघांच्याही डोळ्यांवर येऊ नये, हा हेतू. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, सुप्यापासून सुरुवात झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी मागितली ती कर्जखतं. ती हाती लागली की जाळली. सावकारी कशात आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. ती वाड्यात नव्हती, कागदात होती.

इंग्लंडातही सुरुवात याहून वेगळी नव्हती, हे आपल्याकडे फारसं कुणी लक्षात घेत नाही. अठराव्या शतकातला तिथला गावाकडचा बँकर म्हणजे मुळात दुसराच कुणीतरी धंदेवाला. लॉइड्स बँक १७६५ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली ती सॅम्प्सन लॉइड या लोखंडवाल्यानं आणि जॉन टेलर या गुंड्या बनवणाऱ्यानं मिळून. बार्कलेजचं मूळ लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या सोनारांत. नॉर्विचचे गर्नी लोकरीच्या व्यापारातले. बँक त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत चाले. कायद्यानं सहापेक्षा जास्त भागीदार घेता येत नसत आणि प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असे. बँक बुडाली तर घर, शेत, घोडागाडी, सगळं विकून देणी फेडायची. गावाला हे माहीत होतं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा हा गृहस्थ आपल्याला बुडवून कुठं जाणार?

१८२५ च्या मंदीत अशा बँका डझनावारी बुडाल्या. पुढच्याच वर्षी कायदा बदलला: लंडनपासून पासष्ट मैलांच्या बाहेर कितीही भागधारक असलेल्या बँका काढायला परवानगी मिळाली. इथून गोष्ट पालटते. शेकडो भागधारक, दूरच्या शहरातलं संचालक मंडळ, पगारी मॅनेजर. हा मॅनेजर परगावचा. चर्चमध्ये त्याला कुणी ओळखत नाही. मग त्याच्या हातात शंभर पौंड द्यायचे कशाच्या भरवशावर?

भरवसा द्यायला वास्तुशिल्पी आले.

त्यांच्यापुढं एक नमुना आधीपासून होता. लंडनची बँक ऑफ इंग्लंड. १७८० च्या जून महिन्यात गॉर्डन दंगलीत जमाव बँकेवर चालून गेला होता. हल्ला परतवला गेला, पण संचालक असे हादरले की शेजारचं सेंट ख्रिस्तोफर चर्च त्यांनी पाडून टाकलं. पुढच्या दंगलीत त्याच्या मनोऱ्यावरून कुणी बँकेवर गोळ्या झाडायला नकोत. रोज रात्री सैनिकांची तुकडी पहाऱ्याला येऊ लागली आणि ती चाल १९७३ पर्यंत टिकली. १७८८ साली जॉन सोन हा गवंड्याचा मुलगा बँकेचा वास्तुशिल्पी झाला आणि पंचेचाळीस वर्षं राहिला. सुमारे साडेतीन एकरांच्या या आवाराभोवती त्यानं जी भिंत उभी केली, तिला रस्त्याच्या बाजूनं एकही खिडकी नाही. मग आत उजेड कुठून? वरून. घुमटांच्या माथ्यावर काचेचे कंदील बसवून त्यानं आतले दिवाणखाने उजळले. भिंत रुक्ष दिसू नये म्हणून स्तंभ लावले, आणि एका कोपऱ्यावर इटलीतल्या तिवोलीच्या गोल मंदिराची प्रतिकृती बसवली. किल्ल्याला देवळाचा मुखवटा, हा बँकेच्या वास्तुशास्त्रातला पहिला मोठा डाव. (सोनचं आतलं बहुतेक काम १९२५ नंतर हर्बर्ट बेकरनं पाडलं. दिल्लीचं जुनं संसद भवन आणि सचिवालयाचे नॉर्थ-साउथ ब्लॉक बांधणारा तो हाच. लंडनचे जाणकार अजून त्याला माफ करत नाहीत, आणि ते मला पटतं.)

दुसरा डाव फ्लॉरेन्सहून आला. चार्ल्स बॅरीनं १८३० च्या सुमारास लंडनच्या क्लबांसाठी इटालियन राजवाड्यांची धाटणी वापरली आणि मँचेस्टर, ब्रिस्टल, लिव्हरपूलच्या पैसेवाल्यांना ती एकदम भावली. मँचेस्टरच्या मोझ्ली स्ट्रीटवर एडवर्ड वॉल्टर्सनं १८६० च्या आसपास मँचेस्टर अँड सॅल्फर्ड बँकेसाठी उभारलेली इमारत हे त्याचं ठसठशीत उदाहरण. यात एक खुबी होती. फ्लॉरेन्सचे मेदिची हे बँकर. त्यांची धाटणी उचलली की चारशे वर्षांची घराणेशाही आयती अंगावर चढते. मेदिचींची बँक १४९४ साली बुडाली, हे मात्र मँचेस्टरच्या संचालकांनी ठेवीदारांना सांगितलं असण्याचा संभव कमी.

हळूहळू इंग्लंडच्या प्रत्येक गावाच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजारपेठेत, बँकेची इमारत लांबून ओळखू येऊ लागली. जॉन गिब्सन या वास्तुशिल्प्यानं नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेसाठी देशभर चाळीसच्या वर शाखा बांधल्या. लंडनच्या बिशप्सगेटमधलं तिचं १८६५ सालचं मुख्यालय आजही उभं आहे. एकच उंच मजला, त्यावर कोरिंथियन स्तंभांची रांग, वर कठड्यावर पुतळे. शेजारी कापडवाला, खाटीक, औषधवाला यांची विटांची दुकानं आणि मधेच हे रोमन मंदिर. विसंगत दिसतं ना? तसं दिसावं म्हणूनच तर एवढा खर्च.

अशा शाखेत शिरू या, कारण तिची मांडणी फार विचारानं केलेली असे. जागा शक्यतो चौकातल्या कोपऱ्याची. दार अगदी कोपऱ्यात, तिरकं; दोन्ही रस्त्यांवरून दिसावं. दाराशी दोन-तीन पायऱ्या: माणूस चढून आला पाहिजे, घरंगळत नव्हे. तळमजल्याचा दगड मुद्दाम ओबडधोबड, खोल सांध्यांचा, वरच्या मजल्याचा गुळगुळीत. भार खाली, डौल वर. खिडक्यांच्या कडा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांच्या वर. उजेड आत यावा, नजर येऊ नये. आत दोन मजले उंचीचा एकच हॉल, महोगनीचा लांबलचक काउंटर, त्यावर सोन्याची नाणी तोलायचा पितळी तराजू आणि नाणी उपसायचं तांब्याचं फावडं. हॉलच्या अंगालाच मॅनेजरची खोली, आगटीसकट. तिचं एक दार काउंटरमागं उघडणार, म्हणजे कारकुनांवर लक्ष. तळघरात स्ट्राँगरूम, तिला चब कंपनीसारख्या नामांकित कारखान्याचं पोलादी दार. आणि वरच्या मजल्यावर मॅनेजरचं बिऱ्हाड, बाजूच्या गल्लीत वेगळं दार असलेलं. बायकामुलांसह तो तिजोरीच्या डोक्यावर झोपायचा. ओळखीच्या बँकरची जागा दगडानं घेतली असली तरी माणूस पुरता हटवायला बँका कचरत होत्या, ही गोष्ट मला त्या बाजूच्या दारात दिसते.

हे सगळं दिखाऊ होतं का? होतं, आणि त्यामागं हिशेबही होता. स्तंभांवर घातलेला पैसा परत काढता येत नाही. बँक पळून गेली तर स्तंभ इथंच राहणार, आणि मंदिराच्या आकाराची इमारत किराणा मालाच्या दुकानाला विकूनही काही फारसं हाती लागणार नाही. आपल्याला इथंच राहायचं आहे हे सिद्ध करायचं तर असा न सोडवता येणारा खर्च करून दाखवावा लागतो. ठेवीदाराला ताळेबंद वाचता येत नव्हता. ग्रॅनाइट वाचता येत होता.

पण ग्रॅनाइट खोटंही बोलू शकतो. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या १३३ शाखा होत्या आणि संचालकांनी हिशेब खोटे लिहिले होते. भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्यानं शंभर पौंडांच्या शेअरमागं २,७५० पौंड भरायची वेळ आली. सुमारे अठराशे भागधारकांपैकी अडीचशेच्या आसपास तेवढे दिवाळखोरीतून वाचले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि एकामागून एक बँका मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या झाल्या. म्हणजे बँक बुडाली तर भागधारकाचं घर आता सुरक्षित. ठेवीदारासाठी मात्र एक आधार कमी. यानंतरच्या तीस वर्षांत हाय स्ट्रीटवरच्या बँका आणखी भव्य, आणखी अलंकृत झाल्या. दोन्हींचा थेट कार्यकारण संबंध लावायला मी धजणार नाही. गिब्सनचे स्तंभ त्याआधीचे आहेत, आणि त्या काळी पैसाही वाढला होता. पण क्रम बोलका आहे. माणसाची हमी जसजशी आटत गेली तसतसा दगड वाढत गेला.

आता हा दगड आपल्याकडे कसा आला ते पाहू, आणि ती वाट धारवाडच्या काळ्या मातीतून जाते.

१८४० च्या दशकात धारवाड जिल्ह्यात अमेरिकन कापसाचं बियाणं रुजवण्याचे सरकारी प्रयोग झाले आणि ते इथं टिकलं. ‘धारवाड-अमेरिकन’ या नावानं तो कापूस बाजारात ओळखला जाऊ लागला. सरकी काढायचं करवती यंत्रही धारवाडातच बनू लागलं. रेल्वे यायच्या आधी गाठी बैलगाडीनं घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जायच्या आणि तिथून गलबतानं मुंबईला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला.

त्या पावसात मुंबईच्या किल्ल्याचा मधला भाग नव्यानं रचला गेला. टाउन हॉलसमोरच्या मैदानात पूर्वी कापसाच्या गाठी रचलेल्या असत. १८४४ साली तो बाजार कुलाब्याला हलला होता. मोकळ्या मैदानाभोवती अर्धवर्तुळात एकसारख्या इमारती बांधायची कल्पना पोलिस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांची, तिचा आराखडा जेम्स स्कॉटचा. तळाशी सलग कमानींची ओवरी, वर सगळ्यांची एकच रेषा. हे एल्फिन्स्टन सर्कल, आजचं हॉर्निमन सर्कल. बँका आणि व्यापारी कंपन्या तिथं आल्या. ज्या जागी धारवाडच्या, वऱ्हाडच्या कापसाचे ढीग पडत, तिथंच त्या कापसाच्या पैशाची घरं झाली.

पण बँक ऑफ बॉम्बेचं काय झालं? १८४० साली सनद घेऊन निघालेली ही बँक. सरकार तिचं भागधारक, सरकारचे संचालक तिच्या मंडळावर. तेजीत तिनं शेअर तारण घेऊन कर्जं वाटली. शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांचा तिच्यावर मोठा पगडा. १८६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस, शेअर, कंपन्या सगळं पत्त्यांसारखं कोसळलं. १८६८ साली बँक मोडीत काढावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. तीच पुढं १९२१ साली कलकत्ता आणि मद्रासच्या भावंडांबरोबर इंपीरियल बँकेत मिसळली आणि १९५५ साली स्टेट बँक झाली. प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतला राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला, आणि कधीच कुणाचे पैसे बुडवले नाहीत.

मुंबईच्या बँकांनी हाय स्ट्रीटची नक्कल जशीच्या तशी केली असं समजू नका. इंग्लंडात बँकेचा दगड थेट फुटपाथला भिडतो. मुंबईत मधे ओवरी येते. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, १८९६ च्या नियमानं प्रत्येक इमारतीला रस्त्याकडेला कमानींची ओवरी सक्तीची झाली. कारण उघड होतं: जूनचा पाऊस आणि एप्रिलचं ऊन. पण बँकेपुरता याचा एक वेगळा परिणाम झाला. पायऱ्या, दार, धाक यांच्या आधी एक सावलीची पट्टी आली, जिच्यात पेनवाला, जुन्या पुस्तकांचा विक्रेता, पावसाला थांबलेला कारकून, सगळेच उभे राहू शकतात. रोमन मंदिराला आपल्या हवेनं सोपा जोडायला लावला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात स्तंभही गेले. काँक्रीट आलं, आणि देशी भांडवलाला इंग्रज देवळाचा कंटाळा आला होता. याचा सर्वांत चांगला नमुना बँकेचा नाही, विमा कंपनीचा आहे. पण अनोळखी माणसाच्या भरवशावर विमा तर बँकेहून जास्त जगतो. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅशुरन्सची इमारत १९३६ सालची. वास्तुशिल्पी मास्टर, साठे आणि भुता. दर्शनी भिंतीवर सरळ उभ्या रेषा, आणि त्यांच्यात नारायण गणेश पानसरे यांनी घडवलेल्या भव्य आकृत्या: शेतकरी, कष्टकरी माणसं. ब्रिटानिया नाही, सिंह नाही, ग्रीक देवता नाही. कुणाच्या जिवावर हा पैसा आहे ते भिंतीवरच लिहून टाकलं. पानसऱ्यांच्या त्या शेतकऱ्याकडे मान वर करून पाहताना मला धारवाडच्या कापूसवाल्याची आठवण होते. मुंबईच्या पैशाच्या इमारतींवर त्याला यायला सत्तर वर्षं लागली. जवळच फिरोजशहा मेहता रोडवर दोन वर्षांनी आलेल्या लक्ष्मी इन्शुरन्सच्या इमारतीनं तर माथ्यावर साक्षात लक्ष्मीच बसवली. पेढीच्या भिंतीवरची तसबीर शेवटी मनोऱ्यावर चढली.

याच्या तीसेक वर्षं आधी धारवाड जिल्ह्यात असं एक काम झालं होतं की त्याच्यापुढं हे सगळे स्तंभ बिनकामाचे ठरावेत. १९०५ साली गदग तालुक्यातल्या कणगिनहाळ या खेड्यात सिद्दनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था नोंदली गेली. देशातल्या अगदी पहिल्यांपैकी ही एक. आदल्याच वर्षी, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता. त्याचा नमुना जर्मनीतल्या राइफायझेन यांच्या खेड्यांतल्या पतपेढ्यांचा, आणि त्यातली कळीची अट अशी: ग्रामीण संस्थेच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकानं कर्ज बुडवलं तर बाकीच्यांच्या जमिनीवर, बैलांवर येणार.

कठोर वाटते ही अट. पण तिनं काय साधलं पाहा. कर्ज मागणाऱ्याच्या शेतात खरंच विहीर खणली जाते आहे की मुलीच्या लग्नाचा मांडव पडतो आहे, हे पाहायला इन्स्पेक्टर नको. साऱ्या गावाचे डोळे त्याच्यावर. अशा संस्थेला इमारत लागत नाही. चिटणिसाच्या घरातला एखादा कोनाडा, एक पेटी, एक वही, आणि सभेला चावडी किंवा देवळाची ओवरी पुरते. इंग्लंडनं जी अमर्याद जबाबदारी १८७८ च्या धक्क्यानंतर टाकून दिली, तिच्याच पायावर कणगिनहाळची पतसंस्था उभी राहिली, आणि त्या पायामुळंच तिला स्तंभ नको होते. सगळे एकमेकांना ओळखत असताना जामीन राहायला दगड कशाला?

खेड्याबाहेर पडलं की हे गणित पुन्हा बदलतं. १९१२ च्या सुधारित कायद्यानं या छोट्या संस्थांना कर्ज पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँका काढता आल्या, आणि १९१६ साली धारवाडात कर्नाटक सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. आता ठेवीदार धारवाडचा वकील किंवा पेन्शनर, कर्जदार चाळीस मैलांवरचा कुणी शेतकरी. दोघांची गाठ पडायची शक्यता नाही. म्हणजे आता कचेरी हवी, काउंटर हवा, पाटी हवी, शिक्का हवा. ओळखीची वेस ओलांडली की इमारत सुरू होते, हे धारवाड जिल्ह्यानं अकरा वर्षांत अनुभवलं. इंग्लंडला त्यासाठी शतक लागलं होतं.

स्वातंत्र्यानंतर जामीन पुन्हा बदलला. १९६० साली केरळातली पालाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या आणि ठेवीदारांत घबराट पसरली. त्यातून १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. सुरुवातीला माणशी १,५०० रुपयांपर्यंतची ठेव सुरक्षित होती. २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. १९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या. मागं सरकार उभं राहिल्यावर पुढं स्तंभ उभे करण्यात कुणी पैसा घालील कशाला? बँका झपाट्यानं खेड्यापाड्यांत गेल्या, आणि गेल्या त्या भाड्याच्या जागेत.

आज हुबळीच्या स्टेशन रोडवर, लॅमिंग्टन रोडवर किंवा कोप्पीकर रोडवर बँक शोधायची तर नीट पाहावं लागतं: व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर, मिठाईवाल्याच्या आणि मोबाइलच्या दुकानाच्या मधे, लोखंडी शटर, काचेचं दार आणि बँकेच्या ठरलेल्या रंगातली पाटी. पाटीचा रंग काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारखा. ब्रिटनमध्ये तर याच्याही पुढं गोष्ट गेली आहे. २०१५ नंतर तिथं हजारो शाखा बंद झाल्या, आणि ती रोमन मंदिरं आता पब, उपाहारगृहं, सदनिका झाली आहेत. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर आर्थर ब्लॉमफिल्डनं १८८८ मध्ये पुरी केलेली बँक ऑफ इंग्लंडची शाखा आता ‘द ओल्ड बँक ऑफ इंग्लंड’ नावाचा पब आहे. छत उंच, खोली भारदस्त. बिअर पिणाऱ्याला आणखी काय हवं?

आपल्या भाड्याच्या शाखेत मात्र वास्तुशास्त्र सगळं संपलेलं नाही. ते आत जाऊन बसलं आहे. बँकेला जागा हवी अशी जाहिरात वर्तमानपत्रात येते ती कधी लक्ष देऊन वाचा: मुख्य रस्ता, शक्यतो तळमजला, इतकं चटई क्षेत्र, वाढीव क्षमतेची वीज, आणि बँकेच्या निकषांनुसार स्ट्राँगरूम घरमालकानं स्वखर्चानं बांधून द्यावी. तळमजला का? लॉकरच्या पोलादी कपाटांचं वजन वरच्या मजल्याची फरशी सहज पेलत नाही. स्ट्राँगरूम म्हणजे सळयांची दाट जाळी भरलेल्या, जवळजवळ फूटभर जाड काँक्रीटच्या भिंती. तसंच छत, तशीच जमीन, खिडकी नाही, हवेला जाळीचं एक भोक आणि टनाच्या हिशेबात वजन भरणारं दार. सोनच्या भिंतीचा वंशज शोधायचा तर तो या खोलीत सापडेल. फरक एवढाच की सोननं ती रस्त्याला दाखवली आणि आपण ती लॉकरवाल्या मोजक्या ग्राहकांना दाखवतो, तेही किल्ली असेल तर.

शाखा दुसरीकडे हलली की घरमालकाची पंचाईत होते. काचेचं दार, काउंटर, वरचं खोटं छत दोन दिवसांत उतरतं. ही खोली उतरत नाही. ती फोडायला ड्रिल, कामगार आणि शेजाऱ्यांची समजूत, तिन्हींचा खर्च येतो, आणि इमारत जुनी असेल तर हादऱ्यांची भीती वेगळी. साडीवाला ती गोदाम म्हणून घ्यायला तयार होतो, पण आत मोबाइलला रेंज नाही म्हणून भाडं पाडून मागतो. म्हणून शहाणा मालक थांबतो, आणि दलालाला सांगतो की जागा बँकेलाच द्यायची आहे, स्ट्राँगरूम तयार आहे.